चार ग्रॅमचा पेशंट

आजारी हमिंगबर्ड ओळखणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते धडधाकट हमिंगबर्डला आजारी न ठरवणे. हा पक्षी फक्त अमेरिका खंडांत, अलास्कापासून थेट दक्षिणेच्या टोकापर्यंत, सापडतो. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतली कॅलिफोर्नियाच्या परसात बाराही महिने मुक्काम ठोकून असलेली जात म्हणजे अ‍ॅनाज हमिंगबर्ड. रने लेसाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२९ साली रिव्होलीची डचेस अ‍ॅना मासेना हिच्या नावावरून तिचे बारसे केले. पक्ष्याचे वजन चार ग्रॅमच्या आसपास. तिथले पाच सेंटचे नाणेसुद्धा पाच ग्रॅम भरते. उडताना हृदयाचे ठोके मिनिटाला हजाराच्या वर जातात, पंख सेकंदाला चाळीसेक वेळा हलतात, आणि हा कारभार चालवण्यासाठी पक्षी दर दहा-पंधरा मिनिटांनी काही ना काही पोटात घालतो. दिवसाकाठी प्यायलेला मधुरस त्याच्या स्वतःच्या वजनाहून जास्त भरतो.

अशा प्राण्याने जरा कुठे दम खाल्ला की पाहणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. वास्तविक हमिंगबर्ड दिवसाचा बराच मोठा भाग एखाद्या फांदीच्या शेंड्यावर नुसता बसून काढतो. पण माणसाच्या मनात तो कायम भिरभिरत असतो. त्यामुळे बसलेला तो थकलेला, थकलेला तो अशक्त, आणि अशक्त तो आपल्यावाचून जगणार नाही, ही साखळी फार झपाट्याने पुरी होते.

निरीक्षकांमध्ये एक वर्ग विशेष अभ्यासण्याजोगा आहे. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन रॅमोन अशा गावांतल्या मराठी घरांत सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. या वस्त्यांत रस्त्यावर माणूस दिसत नाही, भाजीवाला ओरडत नाही, आणि दारावरची बेल वाजली तर पार्सल ठेवणारा तोवर पसार झालेला असतो. मुलगा आणि सून लॅपटॉपसमोर, नात शाळेत. आयुष्यभर हजेरीपुस्तकावर नजर ठेवलेल्या बाबांना समोर हालचाल करणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे परसातला फीडर. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे पक्ष्यांच्या आवकजावकीची वही तयार होते. कोण कितीला आला, कोण किती वेळ थांबला, कोणी कोणाला हाकलले. एक नर फीडरवर मालकी सांगून इतर सर्वांना पिटाळत असतो; हा या जातीचा स्वभावच आहे. बाबा त्याचे नाव ‘चेअरमन’ ठेवतात आणि सोसायटीच्या जुन्या हिशेबांपोटी त्याच्यावर मनातून राग धरतात.

निदानातली पहिली आणि सर्वांत नाट्यमय चूक थंडीच्या पहाटे होते. रात्री खायला मिळत नाही आणि शरीराची भट्टी तर धगधगत असते. यावर तोडगा म्हणून हमिंगबर्ड रात्री स्वतःला जवळजवळ बंद करून ठेवू शकतो. शरीराचे तापमान चाळीस अंशांवरून उतरत आसपासच्या हवेच्या जवळ येते, ठोके मिनिटाला पन्नासेक होतात, श्वास चालला आहे की नाही ते कळेनासे होते. शास्त्रज्ञ या अवस्थेला टॉर्पर म्हणतात. अँडीज पर्वतातल्या एका जातीचे तापमान या अवस्थेत ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेले मोजले गेले आहे. अशा पक्ष्याचे पाय दांडीला आवळलेलेच राहतात, म्हणून कधी तोल जाऊन तो फीडरला चक्क उलटा लटकलेला आढळतो. पाहणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते.

“अहो, गेला,” असे आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणतात.

“कोण गेला?” बाबा दचकून विचारतात. या वयात हा प्रश्न दचकूनच विचारला जातो.

“तुमचा चेअरमन.”

पुढच्या हालचाली फार वेगाने होतात. बुटाचा खोका शोधला जातो. त्यात कापूस अंथरला जातो. वरच्या मजल्यावरून मुलगा ओरडतो, “बाबा, हात लावू नका, मी कॉलवर आहे.” या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध हे कोणी विचारत नाही. परिवाराच्या ग्रुपवर उलट्या पक्ष्याचा फोटो जातो आणि पुण्यात रात्रीच्या जेवणाला बसलेले नातेवाईक हात जोडून मोकळे होतात. इतक्यात पक्षी थरथरू लागतो. शरीर पुन्हा तापवण्यासाठी हमिंगबर्ड पंखांचे स्नायू कापवत राहतो आणि त्या कापण्यातूनच ऊब तयार होते. पण घरात याचा अर्थ ‘शेवटचे आचके’ असा लागतो. मग देव्हाऱ्यातली गंगाजलाची कुपी खाली येते. ही रीत माणसांपुरती ठेवावी हे इथे स्पष्ट सांगणे भाग आहे. हमिंगबर्डच्या नाकपुड्या चोचीच्या मुळाशी असतात. वरून टाकलेला एक थेंबसुद्धा त्यांतून फुप्फुसात जाऊ शकतो. तेव्हा जिवंत पक्ष्याला गंगाजल दिल्यास ते कामी येण्याची दाट शक्यता असते.

साधारण वीस मिनिटांपासून तासाभरात पक्षी पुरता तापतो, सरळ होतो, घटकाभर साखरपाणी पितो आणि खोका घेऊन उभ्या असलेल्या बाबांच्या कानाजवळून निघून जातो. ग्रुपवर श्रद्धांजल्यांचा ओघ दुपारपर्यंत चालू राहतो, कारण खाली आलेली दुरुस्ती वाचण्याची तिथे पद्धत नाही. टॉर्परमधल्या पक्ष्यासाठी काही करायचे नसते. त्याला हलवायचे नाही, उबेला आणायचे नाही, सरळ करायचे नाही. ऊन चांगले वर आले आणि तरी तो तसाच लटकलेला असला, तरच चिंता करावी.

खरा आजार कमी नाट्यमय असतो आणि म्हणूनच नजरेतून सुटतो. आजारी हमिंगबर्ड दिवसाढवळ्या पिसे फुगवून, डोळे मिटून फीडरच्या दांडीवर बसून राहतो. पितो, पुन्हा बसतो, उडत नाही. एखादा चेअरमनच असा बसला आणि शेजारी दुसरे पक्षी येऊन निवांत पिऊ लागले, तर दुखणे बरेच पुढे गेले आहे असे समजावे. कधी चोचीच्या, डोळ्यांच्या किंवा पायांच्या भोवती चामखिळींसारख्या गाठी दिसतात. ती पक्ष्यांची देवी. कधी जीभ बाहेर आलेली असते. निरोगी पक्षीही पिऊन झाल्यावर दुभंगलेली, पारदर्शक जीभ क्षणभर बाहेर काढतो. त्या जिभेने तो सेकंदाला दहाहून जास्त वेळा रस ओढत असतो. आजाऱ्याची जीभ मात्र सुजून आत जातच नाही.

यातले सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे माणूस जवळ गेला तरी न उडणे. दुर्दैवाने याच लक्षणाचा अर्थ प्रेम असा लावला जातो. “बघ, मला ओळखतो तो,” असे म्हणून बाबा बोट पुढे करतात. पक्षी बोटावर बसतो. सून व्हिडिओ काढते. नात शाळेत सांगते की आमच्याकडे पाळीव हमिंगबर्ड आहे. ग्रुपवर ‘पूर्वजन्मीचे ऋणानुबंध’ या विषयावर चर्चा होते. ज्या प्राण्याने आयुष्यात कधी कोणाला फुटभर अंतराच्या आत खपवून घेतलेले नाही, तो आपल्या तळहातावर डोळे मिटतो यामागे अध्यात्म नसून ताप असू शकतो, ही शंका त्या आनंदात कोणाला शिवत नाही.

आता कारणे. मांजर, काचेची खिडकी, वादळ ही कारणे सर्वमान्य आहेत, कारण त्यांत घरच्यांचा दोष नसतो. प्रार्थना-कीटक फीडरवर दबा धरून हमिंगबर्ड पकडतो, हेही लोक चवीने सांगतात. गराजचे कारण थोडे अवघड जागचे आहे. गराजचे स्वयंचलित दार हाताने उघडण्यासाठी छतालगत दोरीला लाल मूठ लोंबत असते. लाल रंगात मध शोधणारा हमिंगबर्ड ती पाहून आत शिरतो, आणि संकटात नेहमी वरच उडायचे या स्वभावामुळे सताड उघड्या दाराच्या वर, छताला धडका देत, दमून पडेपर्यंत भिरभिरतो. त्याला केरसुणीने बाहेर हाकलण्याचा प्रयत्न केल्यास तो आणखी वर जातो आणि वरच्या फळीवरचे दिवाळीचे आकाशकंदील खाली येतात. दिवे बंद करावेत, दार उघडे ठेवावे, उंबऱ्याशी लाल फूल किंवा फीडर ठेवून माणसांनी घरात जावे. ती मूठ नंतर काळी रंगवून टाकावी.

मात्र फीडरवरच्या आजारपणाचे मोठे कारण फीडरच असतो, आणि या मुद्द्यावर घरोघरी एकदम शांतता पसरते. साखरपाण्यात यीस्ट जातीची बुरशी वाढते. ती पक्ष्याच्या तोंडात आणि घशात पसरते, जीभ सुजते, गिळता येईनासे होते, आणि दर पंधरा मिनिटांनी खाणारा प्राणी भरल्या फीडरवर बसून उपाशी मरतो.

साखरपाण्याची कृती पाककलेतली सर्वांत सोपी असावी. चार वाट्या पाणी, एक वाटी साधी पांढरी साखर. ढवळावे, गार करावे, भरावे. वाटी कोणतीही चालते, फक्त दोन्हीला एकच असावी. इतक्या सोप्या कृतीत सुधारणा केल्याशिवाय मराठी स्वयंपाकघराला चैन पडत नाही. आईंच्या मते पांढरी साखर हे विष असून गूळ पौष्टिक असतो. गूळ पौष्टिक आहेच. त्यात लोह असते, आणि तेवढे लोह हमिंगबर्डच्या शरीराला झेपत नाही. ब्राऊन शुगरचीही तीच गत. मध सर्वांत शुद्ध, म्हणून तो घालावा असे सुनेला वाटते. पाण्यात कालवलेला मध लवकर आंबतो आणि वर सांगितलेली बुरशी त्यात आनंदाने संसार थाटते. गुलाबजाम संपल्यावर उरलेल्या पाकात पाणी घालून तो फीडरमध्ये ओतण्याचा मोह फार जुना आणि फार खोल आहे. त्या पाकात वेलची असते, केशर असते, तुपाचा तवंग असतो, आणि ‘वाया कशाला घालवायचे’ हे तत्त्वज्ञान असते. पक्ष्याला यांपैकी एकही पचत नाही.

बाबांची चिंता वेगळी असते. स्वतःच्या साखरेच्या गोळीकडे पाहत ते विचारतात, “एवढी साखर रोज? याला डायबेटीस नाही होणार?” उपाशीपोटी हमिंगबर्डच्या रक्तातली साखर तीनशेच्या आसपास आणि पोटभर प्यायल्यावर सातशेच्या वर मोजली गेली आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले हे आकडे ऐकल्यापासून बाबांच्या मनात पक्ष्याविषयी, चेअरमनसकट, वेगळाच आदर निर्माण होतो. आपल्या डबीतली शुगर-फ्रीची पुडी त्याला देऊ करण्याचा त्यांचा विचार मात्र हाणून पाडावा लागतो. त्यात उष्मांकच नसतात. पक्ष्याचे पोट भरते आणि जीव जातो.

लाल रंगही घालू नये. फुलांतला मध रंगहीन असतो, आणि फीडरचे झाकण लाल असले की पक्ष्याला तेवढी खूण पुरते. मुंग्या येतात म्हणून फीडरच्या तारेला गोडेतेल किंवा ग्रीस चोपडण्याची युक्ती अनेकांना स्वतंत्रपणे सुचते. तेल पिसांना लागले की पिसे चिकटतात, उडणे बंद होते, आणि मुंगीपासून वाचलेला पक्षी माणसाच्या हाती सापडतो. फीडरच्या वर पाण्याची छोटी वाटी टांगली की मुंग्या आपोआप अडतात. हळदीची रेघ ओढण्याने काही बिघडत नाही; ती अंगणातल्या फरशीवरून वर्षभर निघत नाही, इतकेच.

मग उरते ते धुणे. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी, गारव्यात चार-पाच दिवसांनी सगळे पाणी फेकून, फीडर सुटा करून, गरम पाण्याने आणि ब्रशने घासला पाहिजे. या एका वाक्यात हमिंगबर्डच्या शुश्रूषेचा बहुतांश भाग संपतो, आणि म्हणूनच ते वाक्य कोणाला आवडत नाही. पक्ष्यासाठी रात्री जागायला, ड्रॉपरने थेंब पाजायला, चाळीस मैल गाडी हाकायला घरातले प्रत्येकजण तयार असते. बाटली घासायला म्हटले की मुलाला मीटिंग असते, सुनेला डेडलाईन असते, नातीला होमवर्क असतो आणि बाबांचा गुडघा दुखतो. बाबा पाणी बदलत नाहीत असे नाही. ते फीडर अर्धा झाला की वरून ताजे पाणी घालतात. जुन्या पाण्यावर नवे पाणी ओतणे म्हणजे विरजण लावणे होय. पाणी गढूळ होते, भोकांशी काळे ठिपके धरतात, आणि बाबा वहीत लिहितात : ‘आज आवक कमी. हवामान?’

एक गोष्ट यजमानांच्या बाजूने सांगितली पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात उत्तर बाहा कॅलिफोर्निया आणि दक्षिण कॅलिफोर्निया एवढ्याच पट्ट्यात घरटी करत असे. लोकांनी बागांत लावलेली परदेशी फुलझाडे आणि टांगलेले फीडर यांच्या आधाराने ती किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत पोचली. सिअ‍ॅटलच्या कडाक्यात साखरपाणी गोठू नये म्हणून लोक फीडरला लोकरी मोजे चढवतात, नाताळच्या दिव्यांच्या माळा गुंडाळतात. मोजे चढवण्यातला उत्साह ब्रशपर्यंत पोचत नाही, एवढीच तक्रार आहे.

निदान पक्के झाल्यावर उपचाराआधी सल्लामसलतीचा टप्पा येतो, आणि तो टाळता येत नाही. ग्रुपवर व्हिडिओ टाकताच साताऱ्याहून मामा कळवतात, “आमच्याकडेही जास्वंदीवर रोज येतो. काही होत नाही त्याला.” मामांच्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. भारतात हमिंगबर्ड नाही. शिंजीर वजनाने दुप्पट, सहसा फुलाशेजारी बसून मध पिणारा, आणि हमिंगबर्डचा दूरचाही भाऊबंद नव्हे. हे सांगितल्यावर मामा दुखावतात आणि रात्री भिरभिरणाऱ्या एका पतंगाचा व्हिडिओ पाठवून ‘मग हा काय?’ असे विचारतात. नाशिकच्या डॉक्टर चुलतभावाला फोन लावला जातो. तो हाडांचा डॉक्टर असतो.

“वजन किती पेशंटचं?” तो सवयीने विचारतो.

“चार.”

“किलो?”

“ग्रॅम.”

यावर बराच वेळ लाईन कट झाल्याचा भास होतो. शेवटी तो म्हणतो, “भरपूर पाणी पाज आणि आराम करू दे,” कारण हा सल्ला आजवर कोणाला बाधलेला नाही. या पेशंटला तोही बाधू शकतो.

पुढचा टप्पा पकडण्याचा. सून ओढणी घेऊन, मुलगा बॅडमिंटनची रॅकेट घेऊन आणि आई पुरणाची चाळण घेऊन तीन बाजूंनी पुढे सरकतात. या व्यूहरचनेत सहसा चाळण मुलाच्या डोक्यावर पडते. पकडण्याचा नियम सोपा आहे. जो उडून जाऊ शकतो त्याला पकडायचे नाही. धावपळीने त्याची उरलीसुरली साखर जळते. जो जमिनीवर पडला आहे, किंवा बोट लावले तरी हलत नाही, त्याला ओंजळीत हलकेच उचलून छोट्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचे. खोक्याला भोके असावीत, तळाशी टिश्यू पेपर असावा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत नखे अडकतात. पाण्याची वाटी नको, पिंजरा नको. खोका उबदार, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवावा.

शांत जागा ही यातली दुर्मीळ सामग्री. अंधार हेच औषध आहे असे सांगूनही झाकण दर थोड्या वेळाने उघडले जाते. “फक्त बघते,” असे आई म्हणतात. “श्वास चालू आहे का ते,” असे बाबा पुस्ती जोडतात. नातीने ‘गेट वेल सून’ असे लिहून खोक्याला कार्ड चिकटवलेले असते, ते नेमके हवेच्या भोकांवर.

तज्ज्ञाकडे पोचायला वेळ लागणार असेल तर आणि तरच साखरपाणी पाजावे. प्रमाण तेच, एकास चार. ड्रॉपरचे टोक चोचीच्या टोकाला नुसते टेकवायचे, पक्षी आपण होऊन जीभ बाहेर काढतो. अर्ध्या तासाने पुन्हा. पिसांवर सांडले तर लगेच ओल्या बोळ्याने पुसायचे. साखरपाण्यावर त्याला दिवसेंदिवस ठेवता येत नाही, कारण हमिंगबर्डचे जगणे किड्यांवरही असते. चिलटे, बारीक माश्या, कोळी हे त्याचे प्रथिन.

“म्हणजे हा मांसाहारी?” असे आई थांबून विचारतात. रोज सकाळी देवाआधी ज्याची वाटी भरली तो कोळी खातो, ही बातमी पचायला त्यांना थोडा वेळ लागतो. फीडरजवळ पिकलेल्या केळ्याची साल टांगली की चिलटे येतात आणि पक्ष्यांची सोय होते, असा सल्ला जाणकार देतात. साल टांगली जाते. पण त्या दिवशी शनिवार नाही ना, हे आधी पाहिले जाते.

पक्षी घरी ठेवून बरा करू, हा विचार याच सुमारास मूळ धरतो आणि त्याच्या आड कायदा येतो. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने हमिंगबर्ड परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे. सापडलेला आजारी पक्षी परवानाधारक पुनर्वसकाकडे तातडीने पोचवण्यापुरता ताब्यात घेता येतो, त्यापुढे नाही. अ‍ॅनाज हमिंगबर्ड बहुतेककरून वर्षभर त्याच मुलखात असतो, तरी कागदावर तो स्थलांतरित. तेरा हजार किलोमीटर ओलांडून आलेला, घर घेतलेला, झाडे लावलेला यजमान एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे कागदावर नॉन-इमिग्रंट. खोक्यातला आणि खोका मांडीवर घेऊन बसलेला, या दोघांपैकी सरकारदरबारी अधिक सुरक्षित कोण, यावर गाडीत चर्चा होते.

पुनर्वसक बहुधा स्वतःच्या घरात, स्वतःच्या खर्चाने हे काम करतात. वसंतात आणि उन्हाळ्यात घरट्यांतून पडलेली पिल्ले येतात, तेव्हा त्यांना उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर अर्ध्या तासाने भरवावे लागते आणि मधल्या वेळात फोन घ्यावे लागतात. लॉस एंजेलिसच्या टेरी मसीअर यांनी या उद्योगावर लिहिलेले पुस्तक २०१५ साली आले आणि त्यांच्यावरचा ‘एव्हरी लिटल थिंग’ हा माहितीपट २०२४ साली. फोनवरचे प्रश्न ठरलेले असतात.

“पक्षी कुठे सापडला?”

“फीडरखाली.”

“काय पाजलंत?”

“साखरपाणी. म्हणजे आधी थोडा मध. म्हणजे गूळ अगदी किंचित.”

“फीडर शेवटचा कधी धुतला होता?”

इथे मुलगा सुनेकडे पाहतो, सून सासूकडे, सासू बाबांकडे. “त्यांना सांग,” बाबा मागून खणखणीत आवाजात म्हणतात, “आपण रोज वरून ताजं घालतो.” पुनर्वसक बाईंना मराठी येत नाही, पण त्यांना उत्तर कळते.

पुढचे काम त्यांचे. काचेवर आपटून भोवळ आलेला पक्षी कधी काही तासांत सुटतो. खांद्याचे हाड मोडले असेल तर आशा थोडी असते. बुरशीवर औषध आहे, पण सुजलेली जीभ बाहेरच राहून गेलेल्या अवस्थेत आणलेले पक्षी फारसे वाचत नाहीत. बरा झालेला पक्षी मोठ्या जाळीच्या खोलीत उडवून पाहतात; तिथे त्याने इतरांशी भांडण उकरून काढले की प्रकृती पूर्ववत झाली असे मानतात. प्रौढ पक्ष्याला शक्यतो मूळ जागीच सोडतात. त्या दिवशी यजमान कुटुंब नवे कपडे घालून परसात उभे राहते, कोणी औक्षणाचे ताट आणले तर ते बाजूला ठेवायला सांगावे लागते, आणि झाकण उघडताच पक्षी कोणाकडेही न पाहता शेजाऱ्यांच्या झाडावर जाऊन बसतो.

दरम्यान घरचे सगळे फीडर उतरवायचे असतात, कारण आजाऱ्याच्या मागे आलेला प्रत्येक पक्षी त्याच भोकांतून प्यायलेला असतो. इतर पक्षी उपाशी मरतील ही भीती निराधार आहे. फीडर हा त्यांच्या फेरीतला एक थांबा असतो. बाकी फुले आणि किडे त्यांना पाठ असतात. फीडर सुटा करून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवावा, घासावा, वास जाईपर्यंत खळखळून धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. एरवीच्या धुण्याला गरम पाणी आणि व्हिनेगर पुरते. पुन्हा टांगताना एका मोठ्या फीडरऐवजी दोन-तीन लहान फीडर एकमेकांना न दिसणाऱ्या कोपऱ्यांत लावावेत. पक्ष्यांची गर्दी फुटते आणि एका चेअरमनला सगळीकडे अध्यक्षपद भूषवता येत नाही. दोन दिवसांत संपेल एवढेच पाणी भरावे.

भोकांच्या आतले काळे ठिपके बोटाने किंवा भांड्यांच्या घासणीने निघत नाहीत. त्यासाठी अगदी बारीक, नळीत जाणारा ब्रश लागतो. दुकानात तो फीडरच्याच फळीवर, फीडरला लागून टांगलेला असतो, त्याची किंमतही किरकोळ असते, आणि तिसरा फीडर घेण्याच्या गडबडीत तो घ्यायचा राहून जातो.